किरकोळ नावाचा रकाना

माळ्यावरून प्रवासाची बॅग काढताना तिच्या मागे एक कागदी पिशवी हाताला लागली. आत तीन भेटवस्तू, चकचकीत कागदात गुंडाळलेल्या, वर रिबीन. चिठ्ठीवर शुभेच्छा छापलेल्या, नावाची जागा कोरी. कुणासाठी घेतल्या होत्या ते मला आठवेना. बायको खाली शिडी धरून उभी होती, तिलाही आठवेना. मग तिच्याच लक्षात आलं. “अरे, ऐनवेळी कुणी आलं तर हाताशी असाव्यात म्हणून घेतल्या होत्या ना आपण!”

ऐनवेळी कुणी आलं नव्हतं. आणि ज्या बिलात त्या तीन वस्तू होत्या ते मी कार्डाच्या हप्त्यांवर टाकलं होतं. शेवटचा हप्ता गेल्याच महिन्यात फिटला. म्हणजे सण होऊन गेला, पुढचा सण आठ आठवड्यांवर आला, आणि मधले सगळे महिने आम्ही माळ्यावरच्या पिशवीचे पैसे भरत होतो.

शिडीवरच ठरलं की या वर्षी आधी हिशोब, मग खरेदी. असं यापूर्वीही दोनदा ठरलं होतं. दोन्ही वेळा मी वहीत छान रकाने आखले, आकडे भरले, आणि तिसऱ्या दिवशी वही कपाटात आणि मी बाजारात. त्यामुळे बायको काही फारशी भारावली नाही. “पुढचे आकडे काय, कुणीही लिहील. गेल्या वर्षी खरंच किती गेले ते सांग आधी,” म्हणाली.

तिथेच गाडी अडली. दोघांनी आपापल्या कागदावर अंदाज लिहिला आणि घडी घालून ठेवला. मग तीन संध्याकाळी बसून खरा आकडा काढला. बँकेचं स्टेटमेंट, दोन्ही कार्डांची बिलं, दोघांच्या मोबाईलवर आलेले पैसे गेल्याचे मेसेज. एटीएममधून काढलेल्या रोकडीपैकी निम्मीअधिक कुठे गेली ते कळलंच नाही. ती सरळ सणाच्या नावावर टाकली, त्या सहा आठवड्यांत ती दुसरीकडे कुठे जाणार? माझा अंदाज खऱ्या खर्चाच्या जेमतेम 55 टक्के निघाला, बायकोचा 70 टक्के. हा फरक तिने पुढचे दोन दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितला.

पण गंमत वेगळीच होती. एकूण नोंदी भरल्या 143. मोठ्या म्हणाव्यात अशा त्यात 11. ज्यांच्यावरून आम्ही भांडलो होतो, चार दुकानं फिरलो होतो, रात्री जागून ऑनलाइन भाव ताडले होते, त्या याच 11. एकूण खर्चात त्यांचा वाटा 40 टक्क्यांच्या आसपास. उरलेल्या 132 नोंदींबद्दल आम्ही एकमेकांशी अवाक्षरही बोललो नव्हतो. गुंडाळायचा कागद. चिकटपट्टी, तीही चारदा, कारण आधीची सापडायची नाही. कुरिअर. हातात पिशव्या म्हणून टॅक्सी. पार्किंग. बाजारात कंटाळलेल्या पोरांना गप्प करायला घेतलेलं काहीबाही. कपड्यांवर जुळणारं काहीतरी आणि मग त्या काहीतरीवर जुळणारं आणखी काहीतरी. माझ्या जुन्या वहीत या सगळ्याला मिळून एकच ओळ होती, अगदी तळाला, ‘किरकोळ’. तिच्यापुढचा आकडा मी बेरीज गोल दिसावी म्हणून टाकायचो.

यावर रीतसर अभ्यास झालाय हे नंतर वाचनात आलं. ॲबिगेल ससमन आणि ॲडम ऑल्टर या दोघांचा 2012 सालचा शोधनिबंध आहे. नेहमीच्या खर्चाचा अंदाज माणूस बऱ्यापैकी बांधतो, चुकतो तो ‘एरवी नसतो’ अशा खर्चाच्या बाबतीत. कारण असा प्रत्येक खर्च आपल्याला एकटाच वाटतो. ही भेट वेगळी, ते लग्न वेगळं, पडदे बदलले तेही वेगळं. ज्याला त्याला त्या दिवसापुरती माफी, आणि या माफ्यांची बेरीज कुणी मांडत नाही. आमचा सण तर कॅलेंडरवर छापूनच येतो. तरी दर वर्षी त्याचा खर्च आमच्या घरात अपघात झाल्यासारखा येतो.

या वेळी उलट्या टोकाने सुरुवात केली. आधी यादी आणि मग बेरीज असं केलं की यादीच जिंकते, हा दोन वर्षांचा अनुभव. म्हणून आधी पुढच्या तीन महिन्यांचं भाडं, फी, औषधं, विम्याचा हप्ता बाजूला काढला. जे उरलं ते सणाचं. ते गेल्या वर्षीच्या खर्चाच्या दोन तृतीयांश भरलं. कर्ज नाही, हप्ते नाहीत.

हप्त्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ‘बिनव्याजी’ या शब्दाला मी भुललो होतो. व्याज कुठे हवेत जात नाही. बहुतेक वेळा रोख किंवा एकरकमी घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती हप्तेवाल्याला मिळत नाही, त्या सुटीतून व्याज भागतं, आणि वर प्रक्रिया शुल्क लागतं ते वेगळंच. त्याहून मोठा मूर्खपणा मी पुढे केला. एका महिन्यात कार्डाच्या बिलावरची फक्त ‘किमान देय रक्कम’ भरली आणि निश्चिंत झालो. पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदत जाते आणि नव्या खरेदीवर घेतल्या दिवसापासून व्याज चालू होतं, हे बारीक अक्षरातलं मी वाचलं नव्हतं. पुढच्या महिन्याचा किराणासुद्धा आम्ही व्याजाने आणला!

तर आकडा ठरला. वाटणी करताना बायकोने ‘किरकोळ’ तळातून उचलून पहिल्या ओळीवर नेलं. मी म्हटलं 10 टक्के ठेवू. ती म्हणाली 15, आणि कमी पडतील. मी तेव्हा हसलो होतो.

आता सगळ्यात अवघड भाग, भेटवस्तू. इथे आकडेमोड सोपी आणि तोंड उघडणं कठीण. मोठी माणसं मोजली तर आम्ही नऊ जण: आम्ही दोघं, आई, दादा-वहिनी, ताई आणि तिचे यजमान, काका-काकू. प्रत्येकाने इतर आठांना काहीतरी द्यायचं म्हटलं तर 72 वस्तू. बहात्तर! मुलांच्या वेगळ्याच. त्याऐवजी चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाने एकालाच दिलं तर नऊ. एवढं सोपं गणित कौटुंबिक ग्रुपवर लिहायला मला पाच दिवस लागले. चारदा लिहिलं, चारदा पुसलं. ‘यांची काही अडचण आहे का’ असं वाटेल म्हणून एकदा. ‘याला आमचा कंटाळा आला’ असं वाटेल म्हणून एकदा. उरलेल्या दोन वेळी कारणही सापडलं नाही, नुसताच धीर झाला नाही.

शेवटी वहिनीला फोन केला. ती ऐकून घेईल असं वाटलं. मी अडखळत सांगितलं, तर पलीकडून सुस्काराच ऐकू आला.

“भाऊजी, देवासारखे बोललात. मी तीन वर्षं हेच तुमच्या दादांना सांगतेय, ते म्हणतात वाईट दिसेल. अहो, गेल्या वर्षी कुणीतरी ते काचेचं एवढं मोठं भांडं दिलंय. ठेवायला जागा नाही, वापरायची भीती वाटते. खोक्यातच आहे अजून. कुणी दिलं ते नाही सांगत मी.”

“वहिनी, ते आम्हीच दिलं.”

मिनिटभर दोन्हीकडे शांतता, मग ती जी हसायला लागली ती थांबेना. त्या भांड्यासाठी आम्ही तीन दुकानं पालथी घातली होती. मोठ्या 11 नोंदींतली ती एक.

जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने 1993 मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं होतं, सणात मिळालेल्या भेटी तुम्ही स्वतः विकत घेतल्या असत्या तर किती मोजले असते? भावनिक मोल बाजूला ठेवून. उत्तरांवरून त्याने काढलं की भेटींच्या किमतीतला दहावा ते तिसरा हिस्सा असाच वाया जातो. बायकोला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “भावनिक मोल बाजूला ठेवायचं तर भेट द्यायचीच कशाला?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. मला त्यापेक्षा फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल ॲडम्स यांचा 2009 चा अभ्यास जास्त पटला. महाग भेट जास्त आवडेल असं देणाऱ्याला वाटतं, घेणाऱ्याच्या आवडीचा मात्र किमतीशी तसा संबंध दिसत नाही. वहिनीच्या खोक्याने ते आम्हाला फुकटात दाखवलं.

वहिनीने दादाला पटवलं, ताई तयारच होती. काकू हिरमुसल्या. “वर्षात एवढाच तर आनंद असतो रे मला,” म्हणाल्या. त्यांनी चिठ्ठी घेतली आणि शिवाय ज्याला जे द्यायचं ते दिलंच. त्यांना कोण अडवणार?

चिठ्ठ्या उचलायचं काम बारा वर्षांच्या लेकीकडे दिलं, व्हिडिओ कॉल लावून. पहिल्या फेरीत दादाला दादाचंच नाव. दुसऱ्या फेरीत आईला आईचं. “बाबा, तुम्ही नीट ढवळतच नाही,” लेक वैतागली. ढवळण्याचा दोष नव्हता. नऊ चिठ्ठ्यांमध्ये कुणालाच स्वतःचं नाव न येण्याची शक्यता साधारण 37 टक्के असते, म्हणजे तीनात जवळजवळ दोन वेळा फेरी मोडणारच. माणसं कमीजास्त केली तरी हा आकडा जवळजवळ हलत नाही. तिसऱ्या फेरीत जमलं. प्रत्येकाने हव्या असलेल्या तीन वस्तू लिहून द्यायच्या आणि देणाऱ्याने त्यातली एक घ्यायची, असं ठरलं. वहिनीने तिन्ही ओळींत ‘काच नको’ लिहिलं.

आईला हा सगळा प्रकार मान्य नव्हता. “मोजूनमापून कुठे सण होतो?” हे तिचं पालुपद. वाद घालून मी दोन संध्याकाळी घालवल्या. मग बायकोने तोडगा काढला. आईला वेगळं पाकीट, त्यात ठरलेली रक्कम, आणि त्याचा हिशोब कुणी मागायचा नाही. पाकीट दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं. हिशोब आम्ही मागितला नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की ती नातीकडून उसने घेतेय आणि लेकीने त्याची नोंद वहीत तारीखवार ठेवली आहे.

लेकीचं हे रूप मला नवीनच. सजावटीचा रकाना मी तिच्या हवाली केला होता. तिने खरेदीआधी गेल्या वर्षीची खोकी उघडली. दिव्यांच्या पाच माळांपैकी तीन चालू निघाल्या, चौथीचा नुसता प्लग सैल होता. गुंडाळायचा कागद अडीच रोल. चिकटपट्ट्या चारही, एकाच डब्यात. त्या दिवसापासून आम्ही कुठलीही वस्तू हातात घेतली की शेजारी उभं राहून ती शांतपणे विचारायची, “यादीत आहे?” दुकानदारही हसायचे.

प्रत्यक्ष खरेदीत दोन गोष्टी केल्या. पाच हजार पानं वाचून नव्हे, आधी फसून शिकलेल्या. एक म्हणजे शक्य तिथे रोख, प्रत्येक रकान्याचं वेगळं पाकीट. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांचा 2001 साली छापून आलेला प्रयोग आहे, बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायची. कार्डाने पैसे द्यायचे असं ज्यांना सांगितलं त्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या जवळजवळ दुप्पट गेली. मला प्रयोगाची गरज नव्हती, माझं स्टेटमेंट पुरे होतं. पण पाकिटात शेवटच्या दोन नोटा दिसायला लागल्या की हात आपोआप आखडतो. फोनवर बोट टेकवताना काहीच दिसत नाही.

दुसरं म्हणजे किमतींचे फोटो. सण आठ आठवडे दूर असतानाच यादीतल्या चार मोठ्या वस्तूंच्या किमतींचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते. मग सेल लागला. स्क्रीनवर लाल घड्याळ, ‘2 तास 14 मिनिटं शिल्लक’, ‘फक्त 3 उरले’. चारांपैकी एका वस्तूची सूट खरी होती, ती लगेच घेतली. दोनांत फरक नावापुरता. चौथीची खोडून दाखवलेली ‘मूळ किंमत’ माझ्या स्क्रीनशॉटपेक्षा बरीच वर नेलेली होती, म्हणजे जवळजवळ निम्म्याने कमी झाली असं दाखवणारी वस्तू प्रत्यक्षात काही आठवड्यांपूर्वीच्याच भावात होती. घड्याळ शून्यावर आलेलं मी बघत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच घड्याळ, पुन्हा भरलेलं. आणि ते तीनही तिथेच.

एवढं सगळं करूनही मी दोनदा घसरलो. एकदा घरपोच पाठवण्याचा खर्च वाचावा म्हणून टोपलीत आणखी एक वस्तू टाकली. रात्री लेकीने हिशोब केला तेव्हा ती वस्तू त्या खर्चाच्या तिप्पट निघाली. दुसऱ्यांदा बूट. चाळीस टक्के सूट होती, जुने झिजले होते, आणि मी एकटा होतो. बायको काही बोलली नाही. माझ्या चिठ्ठीवर भेट देणाऱ्याला, म्हणजे ताईला, तिने परस्पर फोन करून सांगितलं की याला बूट नकोत आता, यादीतलं दुसरं बघा.

सणाचे दिवस नेहमीसारखे गेले. माणसं आली, गोंगाट झाला. बहात्तर वस्तूंऐवजी, काकूंच्या सोडल्या तर, नऊच होत्या हे कुणाला खुपलं असं दिसलं नाही, उलट पहिल्यांदाच प्रत्येक भेट सगळ्यांसमोर एकेक करून उघडली गेली, कारण तेवढा वेळ होता. दादाला हवा होता तो पान्यांचा संच मिळाला. तो त्याने लगेच आमच्या दाराच्या कडीवर वापरून बघितला, कडी आता आधीपेक्षा जास्त वाजते.

पंचाईत झाली ती धाकट्याच्या खेळण्यामुळे. ताईने आणलेली गाडी, तिला चार जाडे सेल लागत होते आणि खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं, सोबत नाहीत. सहा वर्षांच्या मुलाला ‘उद्या बघू’ सांगण्याची ती वेळ नव्हती. रिमोट उघडले, त्यातले बारीक. टॉर्च उघडला, त्यातले गळलेले. बाजार बंद होत आलेला. मी टॅक्सी करून एकमेव उघड्या दुकानात गेलो, सांगेल त्या भावाने सेल घेतले आणि टॅक्सी थांबवून ठेवल्याचे पैसे वेगळे दिले. ‘किरकोळ’मधली ती सगळ्यात मोठी नोंद ठरली.

आठवड्याने हिशोब मांडला. बाकीचे रकाने जागच्या जागी. ‘किरकोळ’ 15 चं 19 झालं होतं, तेवढ्याच 4 टक्क्यांनी एकूण आकडा हुकला. बायको काही म्हणाली नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिली. पुढच्या वर्षासाठी एक वेगळं खातं उघडलं, दर 1 तारखेला पैसे आपोआप तिकडे जातील असं केलं. मी एकूण रकमेला बाराने भागत होतो. बायकोने दुरुस्त केलं, खरेदी दोन महिने आधी सुरू होते, दहाने भाग. माळ्यावरच्या त्या तीन वस्तूंपैकी दोन मुलांच्या मित्रांच्या वाढदिवसांना गेल्या. तिसरी उघडून बघितली तर काचेची निघाली. ती वहिनीला पाठवायची टूम लेकीने काढली होती, ती आम्ही हाणून पाडली.

वही कपाटात जाण्याआधी लेकीने शेवटच्या कोऱ्या पानावर पुढच्या वर्षाची पहिली ओळ लिहिली: ‘सेल आधीच बघून ठेवणे.’

बायकोने ती वाचली आणि तिच्या कपाळावर आठी पडली. “पुन्हा सेल? एवढं सगळं झाल्यावर?”

“आई, जाडे सेल,” लेक म्हणाली. “चार.”